अंगठा उद्यासाठी

त्या दिवशी मी फक्त स्टोअरमधून गॉजचे गठ्ठे आणायला निघाले होते. यात भ्यायचं काय असणार? किल्ल्यांचा जुडगा घ्यायचा, वॉर्डाच्या टोकापर्यंत जायचं, कुरकुरणारं दार ढकलायचं आणि वरच्या फळीवरून गठ्ठे काढताना डोक्यावर येणारा एखादा खोका चुकवायचा. हे काम मी इतकी वर्षं करत आले की झोपेतसुद्धा केलं असतं.

पण थांब. उद्यापासून ड्रेसिंग रूम तू सांभाळणार आहेस, म्हणून तुला नीट पहिल्यापासून सांगते. वीज काही इतक्यात यायची नाही. तो कंदील जरा माझ्याकडे सरकव, तुझा चेहरा दिसू दे. माझ्या हाताकडे सारखी बघू नकोस. त्याचंच सांगायचंय.

ही खोली माझ्याकडे आली तेव्हा इथे एकच पद्धत होती. भाजलेलं, कापलेलं, फुटलेलं पोर आलं की चौघांनी त्याला टेबलावर दाबून धरायचं, एकानं पट्टी ओढायची आणि सगळ्यांनी मिळून ओरडायचं, “काही नाही, काही नाही, झालं!” मला त्या ‘काही नाही’ची मनस्वी चीड. पोराची कातडी पट्टीबरोबर निघतेय आणि तुम्ही म्हणता काही नाही? एकदा एका मोठ्या डॉक्टरांना मी तोंडावर म्हटलं, “सर, तुमचा दात काढताना मी बाजूला उभी राहून असंच म्हणू का?” ते हसले, पण त्या दिवसापासून त्यांनी माझ्या खोलीत यायचं टाळलं. बरंच झालं.

मी माझी रीत बसवली. पोराला आडवं पाडायचं नाही. आईच्या नाहीतर बापाच्या मांडीवर बसवायचं, पाठ त्यांच्या छातीला टेकवून. दुखणं कमी करायचं औषध आधी द्यायचं आणि ते चढेपर्यंत थांबायचं, बाहेर कितीही रांग लागो. खोलीत एकाच माणसानं बोलायचं. आणि खरं सांगायचं. “आता गार लागेल. आता ओढल्यासारखं होईल. आता दुखेल, तुला हवं तर ओरड, पण हात हलवू नकोस.” मुलांना खरं सांगितलं की ती विश्वास ठेवतात. मोठ्यांचं तसं नसतं.

आणि मग मेणबत्त्या. मी माझा डावा हात पोरासमोर धरायचे, बोटं पसरून. पाच बोटं, पाच मेणबत्त्या. कळ आली की लांब फुंकर मारायची. फुंकर लागली की मी एक बोट मिटायचे, एक मेणबत्ती विझली. फुंकर मारायची तर श्वास आत घ्यावा लागतो, आणि श्वास घेणारं पोर किंचाळत नाही, एवढं साधं त्यातलं गणित. उजव्या हातानं माझं काम चालू.

पण अंगठा मी विझवू द्यायचे नाही. अंगठा उद्यासाठी. ही युक्ती माझी स्वतःची, आणि मला तिचा फार अभिमान होता. ज्यांचं ड्रेसिंग रोज करायचं, ती पोरं दुसऱ्या दिवशी दारातच हातपाय ताठ करतात. पण एक मेणबत्ती जळती ठेवली असेल तर त्यांच्या जिवाला ती लागून राहते. “सिस्टर, माझा अंगठा राहिलाय,” म्हणत येतात. दुसऱ्या दिवशी आधी अंगठा विझवायचा, मग नवा हात.

तर, मिरची.

नाव मावशीनं ठेवलेलं. मावशी म्हणजे आपली वॉर्डातली झाडणारी-पुसणारी, तिच्या नावं ठेवण्यातून कुणी सुटत नाही. ही मुलगी सात-आठ वर्षांची, उकळत्या पाण्याचं पातेलं पाठीवर कलंडलेलं. खूप दिवस होती आपल्याकडे. अंगात मांस नव्हतं, पण जीभ अशी की बास. चष्मेवाले डॉक्टर नवीन आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, “आधी चष्मा पुसा, मग पट्टी सोडा.” आणि त्यांनी खरंच पुसला.

तिचा नंबर पहिला असला तरी ती शेवटी बसायची. बेसिनजवळ ते लाल बुटकं स्टूल आहे ना, त्यावर. पाठ कशालाही न टेकवता. आत येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगायची, “दुखतं. पण संपतं. मी बघितलंय.” माझ्या सगळ्या रीतींपेक्षा तिच्या या तीन वाक्यांनी पोरं जास्त गप्प व्हायची, हे मी कबूल करते.

स्वतः मात्र ओरडायची नाही. फ्रॉकचा गळा दातांत धरायची आणि नाकातून बारीक आवाज काढायची, ऊं… असा, एकाच सुरात. “अगं, ओरड की,” मी म्हणायचे. “ओरडलं की घसापण दुखतो,” असं तिचं उत्तर. ड्रेसिंग झालं की मी तिला लिंबाची गोळी द्यायचे. ती गालात धरून, गाल फुगवून ती माझ्या अंगठ्याकडे बघायची.

“आजच विझवू दे ना, सिस्टर.”

“मग उद्या कशाला येशील?”

“येईन की. तुला कोण विचारणार नाहीतर?”

एका संध्याकाळी तिला थोडी कणकण होती. मी लिंबाची गोळी दिली, अंगठा दाखवला आणि हात मागे घेतला. “उद्या,” म्हटलं.

“नक्की?”

“नक्की.”

सकाळी आले तर तिची गादी बाहेर उन्हात टाकलेली होती. जखमेचं विष रक्तात भिनलं होतं, पहाटेपर्यंत सगळं आटोपलं. कुणाची चूक नव्हती, अशा मुलांचं असं होतं. मी पहिलं ड्रेसिंग वेळेवर केलं, दुसरं केलं, मग स्टोअरमध्ये गेले, दार लावलं आणि गॉजच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून रडले. मला ती फार आवडायची. इतक्या पोरांत अशी एखादीच असते.

आता त्या स्टोअरच्या दिवसाकडे येते. तेव्हा तिला जाऊन काही आठवडे झाले होते. मी टाचा उंचावून वरच्या फळीला डावा हात लावला, गठ्ठ्यामागे चाचपत होते, आणि अंगठ्यावर फुंकर आली.

वाऱ्याची झुळूक कुठूनही येते, तशी ही नव्हती. कोमट होती. थोडी ओलसर. लहान पोराची फुंकर असते तशी, सुरुवातीला जोरात आणि शेवटी तुटक. मी हात मागे घेतला. फळीवर गठ्ठे, त्यामागे भिंत. खोलीत कापसाचा आणि स्पिरिटचा वास नेहमीचाच, पण त्यात लिंबाची गोळी मिसळली होती. मी गठ्ठे घेतले, कुलूप लावलं, आणि वॉर्डात पोचेपर्यंत आपण धावतोय हे माझ्या लक्षातच आलं नाही.

त्याच सकाळी एक गुबगुबीत पोरगा आला, हनुवटी फुटलेला. टाके घालायचे होते. त्यानं वॉर्ड डोक्यावर घेतला होता. बापाच्या मांडीवर तो माशासारखा उसळत होता, चष्मेवाले डॉक्टर सुई धरून ताटकळत उभे होते. मी मेणबत्त्या धरल्या, तो बघेचना. आणि मग एकाएकी गप्प झाला. हुंदका अर्ध्यावर सोडून. डॉक्टरांनी टाका घातला, तो हलला नाही. दुसरा घातला.

“दुखतंय?” मी विचारलं.

“नाही.”

“औषधानं बधिर झालं असेल,” डॉक्टर खुशीत म्हणाले.

पोरगा बेसिनकडे बघत होता. लाल स्टुलाकडे. “ती घेते ना,” तो म्हणाला.

नळ ठिबकत होता. दुसरं काही ऐकू आलं नाही. निदान मी तसं ठरवलं.

त्यानंतर माझ्या खोलीत रडणंच बंद झालं. दारापर्यंत भोकाड पसरणारी पोरं आत येऊन टेबलाशी बसली की शांत व्हायची, आणि त्या सगळ्यांची नजर एकाच जागी जायची. बाकीचे वॉर्ड आपली पोरं माझ्याकडे पाठवायला लागले. लोक माझी पद्धत बघायला येऊ लागले. चष्मेवाले डॉक्टर त्यांना माझ्या पाच बोटांबद्दल समजावून सांगायचे. मी हात पसरून उभी राहायचे आणि माझं मलाच कसंतरी व्हायचं, कारण एकही पोर बोटांकडे बघत नव्हतं.

मावशी तेवढी खूश नव्हती. एकदा फडकं पिळता पिळता म्हणाली, “सिस्टर, ते लाल स्टूल सकाळी ओलं असतं.”

“नळ गळतोय, मावशी.”

“नळ त्या अंगाला आहे. आणि पाणी चिकट नसतं.” फडकं बादलीत टाकून ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “उद्यापासून तुम्ही आत असाल तेव्हाच मी पुसायला येणार. एकटी नाही.”

माझं लक्ष कशातच लागेना. घरी गेले तरी बसवत नव्हतं, खोलीभर फेऱ्या मारायचे. डावा हात खिशात ठेवायचे. काम संपवून दिवे मालवले की ड्रेसिंग रूममधून आवाज यायचा, बारीक, एकसुरी, ऊं… मी स्वतःला सांगायचे, औषधांचा फ्रीज जुना झालाय. मग एकदा फ्रीज दुरुस्तीला नेला. त्या संध्याकाळी आवाज जास्तच आला.

आणि अशात ठमी आली.

ठमी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. पाच वर्षांची. माझं सगळं जग त्या पोरीभोवती फिरतं, हे मला वेगळं सांगायला नको. चहाची किटली तिनं ओढली आणि उजवा हात, खांदा, छातीचा थोडा भाग भाजला. भावानं तिला चादरीत गुंडाळून आणलं. भावजय दारातच खाली बसली.

दुसऱ्या कुणाला तरी करू दे, असं सगळे म्हणाले. मी ऐकलं नाही. भावानं तिला मांडीवर घेतलं, औषध चढेपर्यंत आम्ही थांबलो. पहिली पट्टी ओली करून सोडायला घेतली आणि म्हटलं, “ठमे, आता दुखेल हं.”

“नाही दुखत, आत्या,” ती म्हणाली. आणि हसली. स्टुलाकडे बघून.

माझ्या भावाला रडू फुटलं, सुटकेचं. “ताई, तुझ्या हाताला गुण आहे गं,” तो म्हणाला.

मी काय सांगणार होते? मी पट्टी सोडत राहिले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही. ठमी बेसिनकडे तोंड करून गप्पा मारायची, हळू आवाजात, पोरी खेळताना बोलतात तशा. तिच्या पुढे मोठं काम होतं. मेलेली कातडी काढायची होती, आणि त्याला औषध किती पुरतं हे मला माहीत होतं. ते आठवलं की मनात यायचं, ती आहे ना. असं माझ्या मनात येत होतं.

एकदा पट्टी बांधताना मी सहज विचारल्यासारखं केलं. “काय बोलतेस गं तिच्याशी?”

“ती विचारते, अंगठा कधी देणार.”

माझ्या हातातली चिकटपट्टी खाली पडली. भाऊ डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेला होता. खोलीत आम्ही दोघीच होतो. म्हणजे, मोठ्यांपैकी मी एकटीच.

“आणखी काय सांगते?”

“ती मला शिकवते. कसं घ्यायचं ते.”

“ठमे… ती रडते का?”

ठमीनं वळून नीट बघितलं. मग मान हलवली. “नाही. फ्रॉक तोंडात धरते.”

मी बेसिनपाशी गेले आणि नळ पूर्ण सोडला, काही ऐकू येऊ नये म्हणून. इतके दिवस मी पोरांना सांगत आले होते की दुखणं फुंकरीनं जातं. ते जातं कुठे, हे मला कुणी विचारलं नव्हतं. हनुवटीचे टाके, सोलवटलेले गुडघे, भाजलेले हात, सगळ्या वॉर्डांतून माझ्याकडे पाठवलेली ती सगळी पोरं… आणि एकटी मिरची त्या स्टुलावर, पाठ न टेकवता.

अंगठा पुढे करून तिला मोकळं करायला हवं होतं, हे मला तिथेच, त्या क्षणी कळलं. पण ठमीचं मोठं काम दोन दिवसांवर आलं होतं. मी नळ बंद केला, हात पुसले आणि गप्प बसले. एवढं होऊन जाऊ दे, मग देईन. स्वतःच्या माणसाचं आलं की आपली सगळी तत्त्वं कशी खुंटीला टांगली जातात, बघ.

मोठ्या कामाच्या दिवशी दुपारीच आभाळ इतकं भरून आलं की खोलीत दिवे लावावे लागले. टेबलाशी भाऊ, त्याच्या मांडीवर ठमी, बाजूला चष्मेवाले डॉक्टर, दारात मावशी. मी नुकतीच सुरुवात केली होती. चिमट्यानं पहिला तुकडा उचलला आणि वीज गेली.

“हलू नका कुणी,” डॉक्टर म्हणाले. “जनरेटर लागेल.”

मावशीनं हाच कंदील आणून खिडकीत ठेवला. काम अर्धवट सोडता येत नव्हतं, जखम उघडी होती. पंखा थांबला, बाहेरचं बोलणं थांबलं, आणि त्या शांततेत तो आवाज खोलीत आला. ऊं… आधी बारीक. मी चिमटा टेकवला की मोठा. उचलला की लहान.

डॉक्टरांनी मान वर केली. “हे काय वाजतंय?”

मावशी दाराबाहेर सरकली. मी दुसरा तुकडा उचलला. आवाज चढला आणि मधेच तुटला, दात कापडातून सुटावेत तसा. नंतर नुसता श्वास. भराभर, उथळ. बेसिनच्या बाजूनं.

“आत्या,” ठमी म्हणाली. तिला काहीच होत नव्हतं. कंदिलाच्या उजेडात तिचे डोळे मात्र पाण्यानं भरले होते. “आत्या, तिला खूप दुखतंय. माझं मला दे म्हणावं.”

“ठमे, थोडंच राहिलंय…”

“माझं आहे ते, आत्या.”

पाच वर्षांची पोर. मला जे दोन दिवस सांगता आलं नव्हतं ते तिनं सांगितलं. मला लाज वाटली, आणि लाजेच्या आत भीती होती, कारण मला माहीत होतं, आता काय होणार. मी चिमटा खाली ठेवला. बेसिनकडे वळले. तिथे अंधार होता, स्टुलाची फक्त कड दिसत होती. मी डावा हात पुढे केला, चार बोटं मिटली आणि अंगठा उभा धरला.

“मिरचे,” मी म्हटलं. “ये गं. तुझा अंगठा राहिलाय.”

“सिस्टर, काय करताय तुम्ही?” डॉक्टर कुजबुजले.

स्टूल फरशीवर थोडं सरकलं. लिंबाचा वास आला, त्यामागून मलमाचा, आणि त्याच्याही मागून जखमेचा. मग फुंकर आली. लांब, खूप लांब, एवढ्याशा छातीत मावणार नाही एवढी लांब. मला वाटलं ती संपणारच नाही. अंगठा गार पडत गेला, नखापासून मुळापर्यंत. फुंकर थांबली तशी मी तो मिटला.

आणि ठमी किंचाळली.

अशी किंचाळी मी त्या खोलीत इतक्या वर्षांत ऐकली नव्हती. भाऊ हादरला, “ताई, काय झालं? ताई!” म्हणून ओरडायला लागला. मी त्याला गप्प केलं. ठमीसमोर उजव्या हाताची बोटं पसरली. “दुखतंय. हो, राजा, दुखतंय. ओरड. मी इथेच आहे. आता फुंकर मार. मोठी.” डॉक्टरांना म्हटलं, आणखी औषध द्या आणि चिमटा तुम्ही घ्या, मी हिला सोडणार नाही. ती ओरडली, फुंकली, पुन्हा ओरडली. तिनं माझा हात चावला. मी तिच्याबरोबर रडले. वीज आली तेव्हा काम संपत आलं होतं, आणि लाल स्टूल बेसिनजवळ आडवं पडलं होतं. कोरडं.

त्यानंतर पोरं पुन्हा रडायला लागली. चष्मेवाल्या डॉक्टरांनी मला त्या दुपारबद्दल काही विचारलं नाही. ठमी बरी झाली, हात सरळ होतो, खांद्यावर डाग राहिला. मी मेणबत्त्या अजूनही धरते, पण पाचही विझवू देते. उद्यासाठी काही ठेवत नाही. तूही ठेवू नकोस, एवढ्यासाठीच हे सांगायला बसले होते.

आता अंगठा. ही पट्टी सोडते, बघ. वरून काही दिसत नाही. गार लागतं, गरम लागतं की नाही ते सांगता येत नाही, पण दुखत मुळीच नाही. काही दिवसांपूर्वी इस्त्री टेकली ती मला वासावरून कळली. मग मी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सुई घेतली, टोचली. “कळतंय?” “काहीतरी लागल्यासारखं कळतंय. दुखत नाही.” त्यांना गंमत वाटली. इथे टोच, तिथे टोच, बरंच खोल टोचलं. रक्त आलं. मी हसत होते. ते म्हणाले, शिरा तर ठीक दिसतात, आणि त्यांनी गॉज बांधून दिला.

पुढच्या सुट्टीला मी भावाकडे गेले. भावजयीला म्हटलं, भाजी मी चिरते. सुरी निसटली आणि अंगठ्यात चांगली आत गेली. मी रक्त बघत उभी राहिले, नेहमीसारखंच काही दुखलं नव्हतं. आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला. ऊं… बारीक, एकाच सुरात.

मी जाऊन बघितलं. ठमी कोपऱ्यात बसली होती, पाठ भिंतीला न टेकवता. तिनं फ्रॉकचा गळा दातांत धरला होता आणि डाव्या अंगठ्याभोवती उजवी मूठ आवळली होती. मी तिची मूठ सोडवली. अंगठा कोरा. ओरखडासुद्धा नाही.

“काय झालं, ठमे?”

तिनं फ्रॉक सोडला आणि माझ्याकडे बघून हसली, मी तिच्याकडे बघून हसते तशी. “काही नाही, आत्या. तू चिर.” मग थोडं थांबून, शहाणपणानं म्हणाली, “त्या दिवशी किती टोचलं गं. पण मी ओरडले नाही.”

तेव्हापासून हा मी कापसात गुंडाळून ठेवते. सुरीला हात लावत नाही, दार लावताना दहादा बघते. झोपेत कुठे आपटेल म्हणून झोपही नीट लागत नाही. इथली सुईची कामं आता माझ्याच्यानं होणार नाहीत, म्हणून तर ही खोली तुझ्याकडे देतेय…

हे काय? हा वास कसला?

अगं, कंदिलाची काच बघ. मघाशी तू तो माझ्याकडे सरकवलास. पट्टी सोडल्यापासून माझा हात तिथेच होता का? बघ ना जरा. मला कळत नाही.